सालाबादप्रमाणे

होळी झाली की वैशाख सरेपर्यंत पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या गावोगावी जत्रांच्या पत्रिका छापल्या जातात. वर ग्रामदैवताचे चित्र असते. खाली तिथीवार कार्यक्रम असतो: पहाटे अभिषेक, दुपारी मांडवडहाळे, रात्री पालखी व छबिना, त्यानंतर अमुक लोकनाट्य तमाशा मंडळाचा खेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. तळाशी निमंत्रक म्हणून 'समस्त ग्रामस्थ व मुंबईकर मंडळ' आणि मजकुराच्या प्रारंभी न चुकता एकच शब्द: 'सालाबादप्रमाणे'. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ह्या पत्रिका लोकसंस्कृतीची साधने म्हणून तर वाचाव्यातच, पण गद्याचा एक प्रकार म्हणूनही वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. कारण कलेविषयी बोलण्याची एक रीत त्यांत आहे आणि ती रीत आपल्या सुशिक्षित व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झालेली आहे.

ह्या पत्रिकेत काय नसते, ते आधी पाहावे. तमाशा कशासाठी ठेवला आहे, हे तीत सांगितलेले नसते. कुस्त्यांनी तरुणांचा कोणता विकास होणार आहे, याचा खुलासा नसतो. 'उद्देश' ह्या शीर्षकाखाली काहीही नसते. गेल्या वर्षी झाले, म्हणून यंदा होणार. यंदा होणार, म्हणून पुढल्या वर्षीही होणार, एवढेच 'सालाबादप्रमाणे' हा शब्द सांगतो आणि तेवढ्यावर सारे गाव वर्गणी देते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येतात, फडमालकाशी घासाघीस करतात आणि सुपारी ठरवून जातात. कलावंत आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तिथे कोणी तिसरा नसतो. जो पाहणार आहे, तोच बोलावतो आणि पैसेही तोच मोजतो. खेळ रंगला नाही, तर पुढल्या साली दुसरा फड ठरतो. समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसावी.

या रीतीचे आम्ही भाबडे गुणगान करीत नाही. 'समस्त ग्रामस्थ' ह्या दोन शब्दांत सारे ग्रामस्थ कधीच नव्हते. पालखीचा मान कोणाचा, पहिले निशाण कोणाचे, देवळाच्या पायरीपाशी कोणी थांबायचे, हे सारे त्याच सालाबादाने ठरविलेले होते. तमाशाच्या तंबूत गावच्या बायका नव्हत्या. आणि तंबूतल्या मंचावर ज्या होत्या, त्यांना दिवसाउजेडी गावात प्रतिष्ठा नव्हती. ज्यांनी गाव सोडून मुंबई गाठली, त्यांपैकी अनेकांनी दुष्काळाइतकेच ह्या सालाबादाला कंटाळून ते सोडले. तेव्हा परंपरेचे सातत्य ही निखळ चांगली गोष्ट आहे, असा आमचा दावा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जुने सालाबाद मोडून जे शहरात आले, त्यांना शहराने नवे सालाबाद सुरू करू दिले काय? हा प्रश्न आम्ही गोवंडीसंबंधाने विचारू इच्छितो.

गोवंडीकडे वळण्याचे निमित्त असे की, फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या नटवर पारेख कंपाउंड ह्या पुनर्वसन वसाहतीत 'गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल' नावाचा पाच दिवसांचा कलामहोत्सव झाला. त्या वसाहतीत काही वर्षे काम करीत असलेली 'कम्युनिटी डिझाइन एजन्सी' ही संस्था, ब्रिटनमधील 'लॅम्पलाइटर आर्ट्स' आणि 'स्ट्रीट्स रीइमॅजिन्ड' ह्या संस्था आणि भारतीय स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त ब्रिटिश कौन्सिलने आखलेला सांस्कृतिक हंगाम, असे त्यामागचे पाठबळ होते. वसाहतीतल्या मुलामुलींनी आधी काही महिने छायाचित्रण, चित्रपट, नाटक आणि रॅप यांचे शिक्षण घेतले. इमारतींच्या भिंती रंगल्या. कागदाचे आकाशकंदील करून त्यांची मिरवणूक निघाली. वर्तमानपत्रांतून त्याची दखल घेतली गेली. त्या दखलीचा सूर बहुतेक ठिकाणी एकच होता: कचऱ्याच्या डोंगराशेजारी कलेचा उत्सव.

हा सूर आम्हांस खटकतो. त्यात दया आहे आणि आश्चर्यही आहे. आश्चर्य दयेपेक्षा अधिक अपमानकारक आहे. गोवंडीत कला असणे हे नवल आहे, असे मानल्याखेरीज असे वाक्य लिहिता येत नाही. आता गोवंडीच्या पंचांगाकडेच पाहावे. १४ एप्रिलला तिथे भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात आणि भीमगीतांचे गायक रात्री जागवितात. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती असते. मोहरमात मातम आणि मर्सिये असतात, रमजानच्या रात्री बाजार उजाडेपर्यंत जागा असतो. गणपतीत ढोलताशे आणि बेंजोची पथके असतात. लग्नसराईत कव्वाली असते. विदर्भ-मराठवाड्याहून, उत्तर प्रदेश-बिहारहून, तमिळनाडूहून आलेल्या माणसांनी आपापल्या गावचे जे सूर आणले, ते त्या गल्ल्यांत अजून वाजतात. ह्या पंचांगाची पत्रिका कोणी छापीत नाही, म्हणून ते नाही असे होत नाही. २०२३ चा महोत्सव रिकाम्या पाटीवर उमटला नाही. तो ह्या भरलेल्या पंचांगातली एक नवी तिथी होता. ही तिथी टिकण्याजोगी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी गोवंडी ही वस्ती कशी झाली, हे थोडक्यात आठवावे लागेल. मुंबईने आपल्याला नको असलेल्या वस्तू ठेवण्यासाठी हा कोपरा निवडला. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. कुर्ल्याहून चेंबूरकडे येणारा लोहमार्ग मुळात शहराचा कचरा वाहून आणण्यासाठी टाकलेला. माणसे त्यावरून नंतर प्रवास करू लागली. पुढे कत्तलखाना वांद्र्याहून देवनारला आला. वस्तूंच्या मागोमाग नको असलेली माणसे आली. १९७० च्या दशकात शहरातल्या निरनिराळ्या झोपडपट्ट्या उठवून पालिकेने शिवाजीनगरात चौकोन आखून लोकांना बसविले. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राच्या वसाहतीसाठी जनता कॉलनी उठवून तिथल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्ब्याच्या चिता कॅम्पात हलविण्यात आले. आणि ह्या शतकाच्या पहिल्या दशकात रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, ते लल्लूभाई आणि नटवर पारेख यांसारख्या वसाहतींत आले. नटवर पारेखमध्ये सात मजली ५९ इमारती आहेत, २२५ चौरस फुटांची घरे आहेत आणि वस्ती सुमारे पंचवीस हजारांची आहे. एवढे लोक म्हणजे एखादे तालुक्याचे गाव झाले. पण तालुक्याच्या गावाला निदान एक देवळापुढचे पटांगण असते.

म्हणजे गोवंडीतल्या पुष्कळ कुटुंबांचे सालाबाद एकदा नव्हे, दोनदा-तीनदा मोडलेले आहे. आधी गावाकडे, मग शहरातल्या पहिल्या झोपडपट्टीत, मग दुसऱ्या जागी. झोपडपट्टी उठते तेव्हा पंचनाम्यात भिंती मोजल्या जातात, पत्रे मोजले जातात, राहणाऱ्याचा पुरावा मागितला जातो. त्या गल्लीच्या तोंडाशी दहा वर्षे बसणारे भजनी मंडळ, शाहिराच्या पथकातला ढोलकीवाला, कव्वालीला पेटी धरणारा शेजारी यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. पुनर्वसनात सोडत निघते आणि पेटीवाला एका इमारतीत जातो, ढोलकीवाला दुसऱ्या वसाहतीत. घर मिळते; मंडळ मात्र कायमचे फुटते. विस्थापनावर मराठीत जे लिहिले गेले, त्यात धरणग्रस्तांच्या बुडालेल्या देवळांविषयी थोडेफार आहे. शहरात फुटलेल्या मंडळांविषयी जवळजवळ काही नाही.

आता महोत्सवावर घेतल्या जाणाऱ्या दोन आक्षेपांचा विचार करू. दोन्ही आक्षेप साहित्याच्या वर्गातही ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्याचा अंश आहे.

पहिला आक्षेप असा की, जिथे पाणी नाही, हवा नाही, तिथे कंदिलांची मिरवणूक काढणे ही चैन आहे. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात ज्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक साऱ्या शहरात सर्वांत खाली, अवघा ०.०५ होता, तिथे आधी दवाखाने हवेत, भित्तिचित्रे नंतर. हा युक्तिवाद सहृदय वाटतो, पण तो वास्तूकडे नीट पाहत नाही. 'डॉक्टर्स फॉर यू' ह्या संस्थेने मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांच्या साहाय्याने ह्या वसाहतींची जी पाहणी केली आणि जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत असे आढळले की, लल्लूभाई आणि नटवर पारेख येथे दर शंभरांतल्या आठ-दहा घरांत क्षयाचा रुग्ण होता. जवळच्याच, पण अंतर राखून बांधलेल्या पीएमजी वसाहतीत हे प्रमाण शंभरात एक घर इतके होते. माणसे त्याच थरातली, पाणी तेच, शहर तेच. फरक दोन इमारतींमधल्या अंतराचा होता. जिथे ते अवघे तीन मीटर आहे, तिथे खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही आणि जंतू मात्र राहतात.

ह्या पाहणीवर साहित्याच्या माणसांनी थोडे थांबावे. कारण ज्या तीन मीटरांत ऊन येत नाही, त्याच तीन मीटरांत तालीमही होत नाही. जिथे मुले खेळू शकत नाहीत, तिथे पथनाट्याला गोल धरून उभे राहता येत नाही. क्षय आणि कलेचा अभाव ही दोन स्वतंत्र दुःखे नव्हेत की एकाचा नंबर आधी आणि दुसऱ्याचा मागाहून लावता यावा. दोन्ही एकाच नकाशातून आलेली आहेत. प्रकल्पग्रस्तांसाठी घनतेचे नियम सैल करण्यात आले, तेव्हा मोकळी जागा ही वस्तू गरिबांना लागत नाही, असे गृहीत धरले गेले होते. नटवर पारेखमध्ये महोत्सवाच्या आधी वसाहतीतल्या मोकळ्या जागा साफ करून वापरात आणण्याचे काम झाले, 'किताब महल' नावाचे छोटे वाचनालय उभे राहिले. ही कामे कलेची म्हणावीत की आरोग्याची, हे ठरविणे आम्हांस शक्य नाही आणि गरजेचेही वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वाङ्मयीन आहे. पैसा परदेशी, मार्गदर्शक परके, संस्था बाहेरची. मग ह्या कलेला वस्तीची कला म्हणावे काय? या आक्षेपाला उत्तर देताना आपल्याच परंपरेचा इतिहास आठवावा. शाहिरीला पेशव्यांचा आश्रय होता, फडांना संस्थानिकांचा आणि गावच्या पाटलांचा. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, त्यामागे कम्युनिस्ट पक्ष होता. आणि त्या पक्षाची विचारधारा काही वाटेगावात उगवलेली नव्हती. ती जर्मन पुस्तकांतून आणि रशियन क्रांतीतून आली होती. तरीही अण्णाभाऊंची लोकनाट्ये परकी झाली नाहीत. का झाली नाहीत? कारण त्यांनी बाहेरून आलेला विचार घेतला आणि तो वाटेगावच्या जत्रेतून पाठ झालेल्या तमाशाच्या अंगाने मांडला. गण ठेवला, पण त्यातला देव बदलला. बतावणी ठेवली, पण ती मालक-मजुराच्या संवादाला जुंपली. शिवाय ज्यांच्यासमोर खेळ करायचा, त्यांच्यातच ते राहत होते. घाटकोपरच्या चिरागनगरातली त्यांची झोपडी गोवंडीपासून काही कोसांवरही नव्हती. आंबेडकरी जलशांची कथाही हीच. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि पुढे वामनदादा कर्डकांच्या गाण्याने जो श्रोता घडविला, तोच आज १४ एप्रिलच्या रात्री शिवाजीनगरात बसलेला असतो.

तेव्हा पैसा कोठून आला, ही कसोटी अपुरी आहे. खरी कसोटी अशी: पैसा संपल्यावर निमंत्रण कोणाच्या नावाने निघते? लाल बावटा कलापथक थांबले. पण त्या घाटाची लोकनाट्ये मुंबईच्या कामगार वस्त्यांतली मंडळे पुढे वर्षानुवर्षे करीत राहिली. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले, तेव्हा त्या मांडवातल्या पुष्कळांचे पहिले पुस्तक अजून यायचे होते. बाबुराव बागुलांचा कथासंग्रह १९६३ चा आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. पत्रिका आधी निघाली, ग्रंथ मागाहून आले. वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आपण ग्रंथांच्या तारखा पाठ करवतो. मांडवांच्या तारखा करवीत नाही. ज्या पिढीचा मांडव मोडला गेला, तिच्याकडून ग्रंथाची अपेक्षा कोणत्या हक्काने करायची?

आणि पूर्व उपनगरांत मांडवाची किंमत काय असते, हे आपल्याला ठाऊक नाही असे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला आणि दहा माणसे मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो. ज्या परिसराने आपल्या गाण्यासाठी एवढे मोल दिले, त्याला 'कलेची ओळख करून देण्याची' भाषा कोणी वापरू लागले की आम्ही अस्वस्थ होतो. समूहकलेच्या उपक्रमांची एक ठराविक भाषा गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे: सहभाग, सक्षमीकरण, अभिव्यक्तीचे व्यासपीठ, सकारात्मक बदल. हे शब्द वाईट हेतूने वापरले जात नाहीत; ते अर्जाच्या रकान्यांतून येतात आणि अर्ज करणाऱ्याला ते टाळता येत नाहीत. परंतु जत्रेच्या पत्रिकेशेजारी ते ठेवून पाहावेत. पत्रिका म्हणते: रात्री दहा वाजता तमाशा होईल, या. अर्ज म्हणतो: ह्या तमाशामुळे लाभार्थ्यांमध्ये अमुक बदल घडेल. पहिल्या वाक्यात समोरचा माणूस रसिक आहे, दुसऱ्यात रुग्ण.

महोत्सवात रॅप होता, याचा आम्ही आवर्जून उल्लेख केला. मराठीच्या अध्यापकांनी या प्रकाराकडे दोन टोकांनी पाहिलेले आढळते. एक तर ते त्याकडे पाहतच नाहीत, कारण ती भाषा मराठी नाही. गोवंडीची ती हिंदी-उर्दू-मराठीची मिसळ आहे आणि ती कोणत्याच विभागाच्या अभ्यासक्रमात बसत नाही. किंवा मग ते घाईने म्हणतात की, रॅप म्हणजे आधुनिक पोवाडा. दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो, ती बहुधा दुसऱ्याची असते, वीराची असते. आणि झीलकरी मागून सूर धरून तिला साऱ्या सभेची साक्ष देतात. रॅपर बहुधा स्वतःविषयी बोलतो आणि वस्तीचे नाव आपल्या नावासारखे उच्चारतो. कडे करून उभे राहिलेल्या मुलांत एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचे, ही सायफरची रीत पोवाड्यापेक्षा कलगीतुऱ्याच्या सवाल-जवाबाला अधिक जवळची आहे. साम्य दाखवायचेच, तर ते तपशिलाने दाखवावे. यमक कुठे पडते, मात्रा कशा मोजल्या जातात, शिवी ओळीत कोणते काम करते, 'गोवंडी' हा शब्द तालात कुठे ठेवला जातो: हे प्रश्न छंदःशास्त्राचे आहेत आणि माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'चा वारसा सांगणाऱ्या भाषेला ते परके वाटू नयेत.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. गोवंडीच्या कलेविषयी जे लिहिले जाते ते वार्तांकन असते, अहवाल असतो, कौतुक असते, समीक्षा नसते. अमुक लघुपटाचा शेवट फसला आहे, अमुक नाटकातला दुसरा प्रवेश लांबला आहे, अमुक मुलीची छायाचित्रे इतरांहून सरस आहेत कारण तिला रिकामी जागा सोडता येते, असे वाक्य आम्हांस कोठे वाचायला मिळालेले नाही. वस्तीतल्या मुलांना वाईट वाटेल, म्हणून बहुधा असे लिहिले जात नसावे. परंतु वाईट म्हणण्याच्या लायकीचे न समजणे हा तुच्छतेचाच सभ्य प्रकार आहे. नारायणगावच्या राहुटीत बसलेला गावचा पंच फडमालकाला तोंडावर सांगतो की, गेल्या साली तुमचा वग पडला. त्या सांगण्यात फडाविषयी जो आदर आहे, तो आपल्या कौतुकाच्या लेखांत नाही.

निसर्गाविषयीही थोडे बोलावे लागेल, कारण अशा महोत्सवांच्या कार्यक्रमांत निसर्गफेरी हल्ली असतेच आणि गोवंडीच्या बाबतीत तिला विशेष अर्थ आहे. कचराभूमीच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. २०१५ साली राज्य सरकारने तिचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. दर हिवाळ्यात हजारो रोहित त्या चिखलात उतरतात आणि उन्हाळा संपता संपता जातात. ते खरे सालाबादप्रमाणे येणारे पाहुणे. मात्र त्यांना पाहण्यासाठी नाव सुटते ती ऐरोलीहून, खाडीच्या दुसऱ्या काठावरून. किंवा उत्तरेला भांडुपहून. शिवाजीनगरच्या मुलाच्या आणि पक्ष्याच्या मध्ये काही किलोमीटर पाणी नाही, काही मजले कचरा आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो कचरा पेटला आणि त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, तेव्हा शहराला देवनार आठवले. जो काठ आपल्या दाराशी आहे, तिथे जाण्याची वाट नसणे, हे निसर्गवर्णनपर साहित्य शिकविणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मराठी निसर्गकवितेत खाडी फारशी नाही, खारफुटी त्याहून नाही. आणि कवीला चिखलापर्यंत पोचण्याची वाट नसेल, तर ती येणार कोठून?

हे सारे आजच लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, गोवंडी पुन्हा एकदा शहराची माणसे स्वीकारण्याच्या बेतात आहे. २०२४ साली राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासात जी कुटुंबे तिथेच घर मिळण्यास पात्र ठरणार नाहीत, त्यांच्या घरांसाठी देवनारच्या कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जागा देण्याचा निर्णय घेतला. कचरा उपसल्यावर तिथे वसाहती उभ्या राहतील. कचराभूमीवर माणसे वसवावीत काय, हा वाद मोठा आहे आणि तो आम्ही तज्ज्ञांच्या स्वाधीन करतो. आम्हांस एवढेच दिसते की, धारावीतून जी माणसे येतील ती रिकाम्या हातांनी येणार नाहीत. त्यांच्याबरोबर तमिळ मंडळींचे पोंगल येईल, कुंभारवाड्यातल्या गुजराती गरब्याचे ठेके ऐकून वाढलेली मुले येतील, चर्मकारांची भजने येतील, रॅपर येतील. सोडतीत ही मंडळे पुन्हा फुटतील काय? आणि फुटली, तर पुन्हा जुळण्यासाठी त्यांना एखादी खोली, एखादा चौक नकाशात असेल काय? की वीस वर्षांनी तिथेही कोणीतरी अर्ज भरून पाच दिवसांचा महोत्सव आणावा लागेल आणि त्यावर पुन्हा 'कचऱ्याच्या डोंगरावर कला' असा मथळा येईल?

आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी पोचवावयाच्या आहेत. नगररचना करणाऱ्यांनी वसाहतीच्या नकाशात बालवाडी आणि सोसायटीचे कार्यालय जसे धरले, तशी तालमीची एक खोली आणि दिव्याखालचे एक पटांगण धरावे. ते शोभेसाठी नव्हे, ज्या कारणासाठी खिडकी धरतात त्याच कारणासाठी. महोत्सव करणाऱ्या संस्थांनी पहिल्या वर्षीच हे ठरवावे की, तिसऱ्या वर्षीच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून वसाहतीतल्या मंडळाचे नाव असेल आणि खर्चाचा काही वाटा, तो कितीही लहान असो, दारोदारच्या वर्गणीतून येईल. दहा रुपये वर्गणी दिलेल्या माणसाला खेळ आवडला नाही असे म्हणण्याचा अधिकार येतो. फुकट पाहणाऱ्याला केवळ आभार मानता येतात.

तिसरी अपेक्षा आपल्याच लोकांकडून आहे. गोवंडीच्या हद्दीत समाजविज्ञानाची नामांकित संस्था आहे, आसपास महाविद्यालये आहेत, त्यांत मराठी, हिंदी, उर्दूचे वर्ग आहेत. समाजविज्ञानाने ह्या वस्तीची पाहणी पुष्कळ केली. कुटुंबे मोजली, नळ मोजले, आजार मोजले, आणि ते आवश्यकच होते. साहित्याच्या विभागांनी तिथली गाणी मोजलेली नाहीत. एम. ए. च्या वर्गाने एक वर्ष एवढेच करावे की, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत गोवंडीत कोठे काय गायले जाते, खेळले जाते, कोण लिहितो, कोण चाल लावतो, याची तिथीवार नोंद घ्यावी आणि ती साध्या कागदावर छापून वस्तीत वाटावी. त्यातून प्रबंध होईल न होईल. पण वस्तीला स्वतःची पत्रिका पहिल्यांदा छापील स्वरूपात दिसेल. आणि त्यातले जे आवडले नाही, ते आवडले नाही असे सह्यांनिशी लिहावे. त्यावर वाद होईल, उत्तरे येतील, कोणी रागावेल. तेवढे झाले, तर पुढल्या पत्रिकेचा पहिला शब्द कोणता असावा हे कोणी सुचवावे लागणार नाही.